पाण्यावरचा संसार



घर बांधायचं म्हटलं की आपण आधी जागा बघतो. पाया किती खोल घ्यावा, ते विचारतो. पण ज्या घराला जमीनच नाही, असं घर तुम्ही पाहिलंय का? आज अशाच घरांविषयी सांगतो.

युरोपात हॉलंड देश आहे. त्याचं खरं नाव नेदरलँड्स. तिथं ॲम्स्टरडॅम हे जुनं शहर आहे. ॲम्स्टेल नदीला लोकांनी बांध घातला. बांधाला तिथल्या भाषेत 'डॅम' म्हणतात. त्यावरून गावाचं नाव पडलं.

तिथली जमीन सखल आणि दलदलीची. म्हणून लोकांनी कालवे खणले. १६१३ साली मोठ्या कालव्यांचं काम सुरू झालं. पाण्याचा निचरा झाला. शिवाय माल नावेतून थेट व्यापाऱ्याच्या दारात येऊ लागला.

काठावरची घरं चिखलात लाकडी खांब ठोकून त्यांवर उभी केली. १६४८ साली तिथं मोठं नगरभवन बांधायला घेतलं. त्याच्याखाली १३,६५९ खांब आहेत! लाकूड कुजत कसं नाही? पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा लागत नाही, म्हणून ते टिकतं. उघडं पडलं की कुजतं. त्यामुळे जमिनीतलं पाणी फार खाली जाऊ देत नाहीत.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. तेव्हा माणसं फार आणि घरं थोडी, अशी स्थिती होती. पुढे माल लॉरीतून जाऊ लागला. जुन्या बोटी रिकाम्या पडल्या. गरजू लोकांनी त्यांतच चूल मांडली. आज तिथं अशी सुमारे अडीच हजार घरं आहेत. काही घरं काँक्रीटच्या पोकळ पेटीवर बांधलेली आहेत. काँक्रीट तरंगतं कसं? अहो, रिकामी पितळी घागर तरंगते ना? तसंच ते.

या घरांत वीज आहे, नळ आहे. टपालही येतं. पण वाटेल तिथं बोट बांधता येत नाही. नगरपालिकेचा परवाना लागतो. लोखंडी बोट काही वर्षांनी गोदीत न्यावी लागते. तळ खरवडायचा, पत्रा तपासायचा, रंग द्यायचा. आळस केला तर गंज पत्रा खातो आणि घर बुडतं. एके काळी हा गरिबांचा आसरा होता. आता जागा उरल्या नाहीत, म्हणून किंमती फार चढल्या आहेत.

एक मोठी चूक मात्र पुष्कळ वर्षं चालली. संडासाचं आणि मोरीचं पाणी सरळ कालव्यात जाई. बोटींचंही जाई, काठावरच्या अनेक घरांचंही जाई. एवढ्या पाण्यात माझ्या एकट्याच्या घाणीनं काय होणार, असंच माणसाला वाटतं. पण सगळ्यांची मिळून कालव्याला दुर्गंधी सुटली.

मग काठावरची घरं गटाराला जोडली. पाणी सुधारलं. २०१२ साली राजघराण्यातल्या सूनबाई माक्सिमा त्याच कालव्यात लोकांबरोबर पोहल्या. पुढच्या वर्षी त्या राणी झाल्या. बोटींचं काम तेव्हा चालूच होतं. बोट खाली आणि गटार वर, म्हणून पंप बसवावा लागतो. खर्च आला, तरी पुढे बोटीही गटाराला जोडल्या.

मंडळी, नाव ज्याची त्याची, पण पाणी सगळ्यांचं. ही गोष्ट त्या लोकांना पटायला फार वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत.