कुंडीतला चाफा फुलत का नाही?



समाजापुढे एवढे मोठे प्रश्न असताना कुंडीतल्या चाफ्यावर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या चारठाण्यात अंगणे गेली, स्लॅबच्या गच्च्या आल्या आणि झाडे कुंडीत गेली. चाफा तीन-चार वर्षे पाने देतो, फूल देत नाही. मग कोणी म्हणते, चिकाचे झाड दारात लाभत नाही. कोणी म्हणते, हे तर कबरस्तानातले झाड. आणि शेवटी शेजारीण सांगते, "वांझ आहे, फेकून द्या." ज्या घरात सुनेला मूल नसते, त्या घरात हा शब्द कुंडीपाशी थांबत नाही. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आम्ही बोलतो आहोत तो पांढरा चाफा, ज्याला खुरचाफा किंवा देवचाफाही म्हणतात. सोनचाफा वेगळा, त्याचे कूळ वेगळे. पांढऱ्या चाफ्याचे मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका व आसपासची बेटे. प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याला प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव मिळाले. युरोपीय गलबते अमेरिकेला जाऊ लागल्यानंतर तो इकडे आला. म्हणजे भगवान बुद्धांच्या काळी तो भारतात नव्हता, आणि आपल्या गावातल्या जुन्या मंदिरांचे दगड घडवले जात होते तेव्हाही नव्हता. आज श्रीलंकेतल्या विहारांत तो अरलिया या नावाने बुद्धमूर्तीपुढे वाहिला जातो. बाहेरून आलेले झाड इतके आपले झाले की त्याच्यावर शकुन-अपशकुनही आपणच लादले!

आता तो फुलत का नाही ते पाहू. पहिले कारण सावली. चाफ्याला रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. जिन्याखाली किंवा छपराच्या आडोशाला ठेवलेला चाफा पाने देईल, काठीसारखा उंच होईल, पण फूल द्यायला नाखूश राहील. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही. कुंडी सरकवण्याचा कंटाळा तेवढा आहे.

दुसरे कारण आपली काळी माती. कापसाला ती सोन्यासारखी, परंतु कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात दगड. चाफ्याचे मूळ साचलेल्या पाण्यात कुजते. म्हणून एक भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा भरड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. कुंडीच्या बुडाला भोक असावे, त्यावर खापरी ठेवावी, आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी म्हणजे पाणी निघून जाते. रंगाची रिकामी बादलीही चालते, पण तिला भोके पाडल्याशिवाय नाही.

तिसरे कारण म्हणजे युरिया, आणि आमच्या मते बहुतेक घरांत खरा गुन्हेगार हाच. शेतातून उरलेल्या गोणीतली मूठ प्रेमाने कुंडीत पडते. युरियात ४६ टक्के नत्र असते. नत्राने पाने हातभर होतात, झाड हिरवेगार दिसते, घरधनी खूश होतो आणि फूल काही येत नाही. नवी पाने फुटताना दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा तेवढेच, एवढे पुरे. स्फुरद वाढवले की फुले वाढतात हाही समज फार खरा नाही. जमिनीत पुरेसे असेल तर जादा स्फुरद निरुपयोगीच.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. चाफ्याचा तुरा फांदीच्या अगदी शेंड्यातून निघतो. तुरा येऊन गेला की त्याच्याखाली दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि बेचके तयार होते. झाड कधी छाटलेले किंवा मोडलेले नसेल, तर बेचकी मोजून ते किती वेळा बहरले याचा अंदाज घेता येतो. आम्हाला तर ते पासबुकासारखेच वाटते. परंतु डिसेंबर-जानेवारीत पाने गळतात, फांद्या उघड्या पडतात, आणि लोक झाड मेले समजून शेंडे छाटतात किंवा जिवंत करायला बादलीभर पाणी ओततात. छाटले तर येणारा तुराच गेला, ओतले तर मूळ कुजले. या दिवसांत झाड झोपलेले असते. पाणी जवळजवळ बंद ठेवावे, खत अजिबात नको. खोड बोटाने दाबून पाहावे. टणक असेल तर काळजी नाही. ऊन तापू लागले आणि शेंडा हलला की पाणी सुरू करावे, तेही वरची दोन बोटे माती सुकल्यावरच.

बियांपासून केलेले झाड फुलायला तीन वर्षे किंवा त्याहून अधिक घेते. फुलणाऱ्या झाडाची फांदी लावली तर एक-दोन वर्षांत तुरा दिसू शकतो, आणि फूलही त्याच झाडासारखे येते. म्हणून रोपवाटिकेत पैसे घालवण्यापेक्षा शेजाऱ्याकडून फांदी मागावी. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. अंगठ्याएवढी जाड, करड्या सालीची, दीड वीत लांब फांदी घ्यावी. कोवळी हिरवी नको. ती सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्यावी, कापलेला भाग कोरडा होऊन बंद झाला की चार बोटे खोल लावावी. पाने फुटेपर्यंत पाणी बेतानेच.

पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पाने तोडून जाळावीत, गळालेलीही वेचावीत.

फांदी कापताना पांढरा चीक गळतो. तो कातडीला खाजवतो, डोळ्यात गेला तर आग होते. म्हणून लहान मुलांना जवळ उभे करू नये आणि काम झाल्यावर हात व सुरी साबणाने धुवावीत.