अठ्ठावन्न की साठ?

आपल्या जिल्हा न्यायालयातला शिरस्तेदार ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, पण त्याच न्यायालयातल्या न्यायाधीशांना ६० वर्षांपर्यंत काम करता येतं. हा फरक आला कुठून?

ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये निकाल दिला आणि कनिष्ठ न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय देशभर ६० करायला सांगितलं. सरकारांनी फेरविचार मागितला. १९९३ च्या निकालात ६० कायम राहिलं, पण एक अट आली. न्यायाधीश ५८ वर्षांचे होण्याआधी उच्च न्यायालय त्यांची कारकीर्द तपासतं: गोपनीय अहवाल, निकालपत्रांचा दर्जा, सचोटी. त्यात जे उतरतील त्यांनाच पुढची दोन वर्षं. मला ही अट वयाच्या आकड्याइतकीच मोलाची वाटते.

उच्च न्यायालयात ही मर्यादा ६२ आहे, सर्वोच्च न्यायालयात ६५. मग तालुक्या-जिल्ह्यात ती आणखी वाढवावी का? तरुण न्यायाधीशांची बढती लांबेल, हा आक्षेप खरा आहे. पण पक्षकाराच्या बाजूने पाहा. जमिनीच्या दाव्यात साक्षी झाल्या, युक्तिवाद संपत आला आणि न्यायाधीश निवृत्त झाले, तर नव्या न्यायाधीशांपुढे तोच युक्तिवाद पुन्हा करावा लागतो. साक्षीदार उत्तर देताना कुठे अडखळला, हे त्यांना कागदावरून कसं कळणार? रिकाम्या जागा वेळेत भरल्या आणि ५८ ची ती तपासणी कसोशीने झाली, तर वय वाढवायला माझा पाठिंबा आहे.