डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट

तुमच्याकडे रेनॉ डस्टर किंवा महिंद्रा व्हेरिटोसारखी जुनी डिझेल गाडी असेल, तर तिचा टायमिंग बेल्ट कधी बदलला होता, हे आजच तपासा.

हा दातेरी रबरी पट्टा पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. क्रँकचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमचा एक. चालत्या गाडीत पट्टा तुटला, की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतात आणि इंजिन खोलण्याची पाळी येते. बेल्ट अनेकदा कसलीही चाहूल न देता तुटतो. म्हणून पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा तो बदला. गाडी उभी असली तरी रबर जुने होतेच.

या गाड्यांच्या दीड लिटर इंजिनात वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. त्यामुळे पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि पंप सोबतच नवे बसवा. मजुरी एकदाच पडेल. ऑइल सील पाझरत असेल तर तेही बदला, कारण तेलाने बेल्ट खराब होतो.

नवा बेल्ट बसवून टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर मेकॅनिकला पान्याने इंजिनचे दोन पूर्ण फेरे हाताने फिरवायला सांगा. खुणा पुन्हा जुळल्या, तरच स्टार्टर मारायचा. बिलावर तारीख आणि किलोमीटर जरूर लिहून घ्या.