वाणाची अग्निपरीक्षा

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



श्रावणाच्या झडीनंतर उघडीप पडली, की सोयाबीनच्या पानांवर कधी कधी बारीक पिवळसर ठिपके दिसू लागतात. पान उलटे केले, तर ठिपक्याच्या मध्यभागी लहानसा फोड आढळतो. पुष्कळदा शेतकरी त्यास तांबेरा समजतो, बुरशीनाशक आणतो आणि पैसे पाण्यात जातात. कारण हा रोग बुरशीचा नव्हे, झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. रोगट पानाचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा दुधी लोट बाहेर पडताना दिसतो. तांबेऱ्यात तसे होत नाही.

हा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो, पर्णरंध्रांतून व जखमांतून आत शिरतो, बियाण्यात आणि शेतातील पाचोळ्यात टिकून राहतो. घरचे बियाणे राखणाऱ्याच्या कणगीतूनच तो पुढच्या खरिपात शेतात उतरू शकतो. माणसाच्या क्षयरोगावर वापरलेले स्ट्रेप्टोमायसिन पिकांवर फवारणे हे तर शहाणपणाचे नव्हेच. म्हणून खरा आधार रोगप्रतिकारक वाणाचा.

परंतु वाण प्रतिकारक आहे, हे ठरवावयाचे कसे? एखादा वाण शेतात हिरवागार राहिला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या वर्षी रोग फिरकलाच नसेल! ज्या गडाला वेढाच पडला नाही, त्यास अभेद्य कसे म्हणावे? म्हणून चाचणीच्या शेतात रोग मुद्दाम आणावा लागतो. दर काही ओळींनंतर रोगास हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ पेरतात. प्रयोगशाळेत वाढविलेले जिवाणू, एका मिलिलिटरमध्ये सुमारे १० कोटी या प्रमाणात, पाण्यात मिसळून सकाळी पर्णरंध्रे उघडी असताना पानांवर फवारतात आणि ओलावा टिकवितात. पुढे प्रत्येक वाणास बहुधा ० ते ९ असे गुण देतात. शाळेतील रीत येथे उलटी, अधिक गुण मिळविणारा नापास! आणि बळी पडावयाची ओळच निरोगी राहिली, तर त्या हंगामातील सारी मेहनत बाद धरावी लागते. पुन्हा दुसरे वर्ष, दुसरे ठिकाण.

या कामातील सर्वांत बोधप्रद कथा ‘सीएनएस’ या वाणाची. चीनमधील नानजिंगहून गेलेल्या बियाण्यातून अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनात तो निवडला गेला. या रोगास तो दाद देत नाही, असे दिसून आले. १९५१ साली हार्टविग आणि लेहमन यांनी दाखविले, की हा प्रतिकार एका अप्रभावी जनुकाचा आहे. याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. संकराची पहिली पिढी सगळीच रोगाला बळी पडते. प्रतिकारक रोपे दुसऱ्या पिढीत, तीही चारांत सुमारे एक, सापडतात. पहिल्याच पिढीवर निराश होऊन ते बियाणे कोणी फेकून दिले असते, तर हाती आलेले धन मातीत गेले असते. सीएनएसच्याच वंशातील ‘ब्रॅग’ हा वाण पुढे भारतात आला आणि आपल्याकडील सोयाबीन संशोधनात त्याचा वापर झाला. विशेष म्हणजे, एका जनुकावर उभा असलेला हा प्रतिकार अनेक दशके टिकला आहे. इतर अनेक रोगांच्या बाबतीत असे भाग्य लाभत नाही.

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा, १९९४ साली प्रसारित झालेला जे. एस. ३३५ हा वाण महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. जिवाणूजन्य फोडांच्या रोगास तो प्रतिकारक आहे. पण म्हणून तो सर्व रोगांस प्रतिकारक, असा समज करून घेणे महागात पडते. तांबेरा आणि पिवळा मोझॅक यांपुढे तो टिकत नाही. कृष्णाकाठी तांबेऱ्याने सोयाबीन झोडपले, तेव्हा सांगलीजवळील कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राला तांबेऱ्यासाठी वेगळी पारख करावी लागली. ‘फुले अग्रणी’ हा वाण त्या केंद्रातील कामातून आला. बियाण्याच्या पिशवीवर नुसते ‘रोगप्रतिकारक’ छापलेले दिसले, की विक्रेत्याला विचारावे, कोणत्या रोगाला?