रिकाम्या बाकांचा प्रश्न
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस गावच्या आपल्या हायस्कुलाविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही शालान्त परीक्षेच्या निकालाविषयी बोलावे असा मंडळाचा मानस असावा. निकाल सांगण्यासारखा आहेच. 2012 साली कोकण विभागीय मंडळाची पहिली परीक्षा झाली, तेव्हापासून कोकणचा निकाल राज्यात अग्रभागी राहत आला आहे, आणि आपली शाळा त्यास अपवाद नाही. परंतु ज्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागतो त्या वर्गात मुले किती, हे कोणी विचारीत नाही. आमच्या विद्यार्थिदशेत शेवटच्या वर्गाच्या दोन तुकड्या होत्या. आज एक आहे, आणि तिच्या खोलीतील मागची बाके भिंतीशी एकावर एक रचून ठेवलेली आहेत.

याचा दोष मुंबईवर टाकून मोकळे होण्याची आपणांस सवय आहे. ते अगदीच खोटे नव्हे. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 82 हजारांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली, आणि हा मुख्यतः स्थलांतराचाच परिणाम होय. पण मुंबईस गेलेल्या घरांत तरी मुले कोठे आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 1992-93 मध्ये दर स्त्रीमागे सरासरी 2.9 अपत्ये होत असत. 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 1.7 वर आला. लोकसंख्या आहे तेवढी राहण्यास 2.1 लागतात. ज्या काळात आपल्या वाडवडिलांनी मनिऑर्डरीने पैसे पाठवून ही शाळा उभारली, त्या काळात एकेका घरातून पाच-पाच भावंडे शाळेत येत. तो काळ आता परतणार नाही.

आणि तो परतावा असेही आम्हांस वाटत नाही. महर्षी कर्वे यांनी आपले आयुष्य स्त्रीशिक्षणास वाहिले आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. समाजाने वडिलांचा गौरव केला आणि मुलाची हेटाळणी केली. वस्तुतः दोघांचे कार्य एकाच दिशेने जाणारे होते, कारण मुलगी शिकली की तिचे लग्न उशिरा होते आणि किती मुले हवीत हे ती स्वतः ठरवू लागते. आपल्या शाळेनेही मुली शिकविल्या. मग त्या मुलींच्या घरी एक किंवा दोनच लेकरे आहेत म्हणून शाळेने हळहळावे, हे विचित्र आहे. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांनी तरुण जोडप्यांस तिसऱ्या अपत्याचा उपदेश आरंभिला आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही एवढेच म्हणतो की, बाके भरण्यासाठी मुले जन्मास घालावीत हे मागणे विद्यालयाच्या तोंडी शोभत नाही.

शाळेचा संसार मात्र अवघड झाला आहे. वर्गात चाळीस मुले असोत वा बारा, गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवावयास शिक्षक लागतातच. परंतु शासनाची संचमान्यता पटावर होते. पट घसरला की एक पद जाते, ज्यांचे पद गेले ते शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे धाडले जातात, आणि उरलेल्या गणिताच्या गुरुजींस भूगोलाचा तासही घ्यावा लागतो. तेवढ्याने पालकांचा विश्वास उडतो आणि पट आणखी घसरतो. मे महिन्याच्या उन्हात आपले शिक्षक वाड्यावाड्यांतून विद्यार्थी मिळवीत हिंडतात, वह्या आणि रिक्षाचे भाडे देऊ करतात. शेजारच्या गावचे शिक्षकही तेच करतात. यात मुले एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात, वाढत नाहीत. 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा मार्ग मोकळा झाला असल्याने आपणही इंग्रजी माध्यम काढावे, अशी एक सूचना आहे. तीही आम्हांस याच जातीची वाटते, आणि शुल्क न परवडणारी मुले तीत आणखी गळतील.

हा प्रसंग जपानवर आपल्याआधी आला. तेथे 1973 साली सुमारे 21 लक्ष बालके जन्मली, 2016 साली ही संख्या 10 लक्षांच्या खाली गेली आणि 2024 साली 7 लक्षांच्याही खाली. तेथील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खाजगी शाळांत शिकतात, म्हणून त्या शाळांस झळ फार लागली. कोणी गणवेष बदलला, कोणी नाव बदलले. पुष्कळ कन्याशाळांनी मुलांस प्रवेश दिला. सरकारने 2010 पासून शुल्कास साहाय्य दिले व 2020 मध्ये खाजगी शाळांतील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ते बरेच वाढविले. तरीही कित्येक शाळा बंद पडल्या. आम्हांस विशेष मनन करण्याजोगी वाटते ती एक गोष्ट. नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी तेथे पत्रद्वारा शिक्षणाची विद्यालये होती. नेहमीच्या शाळेत ज्यांचा जीव गुदमरतो अशा मुलांस ती आता जवळ करतात, आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या घटत नाही, वाढते आहे. आजवर दाराबाहेर राहिलेले मूल कोणते, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला.

आपल्या दाराबाहेर कोण आहे? आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले आहेत. कातकरी वाडीवरची मुले आहेत. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघाले की त्यांची शाळा सुटते, ती बहुधा कायमची. शाळेत त्यांस मज्जाव नाही. अनुदानित शाळेस जातीच्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, हे संविधानच सांगते. मज्जाव आहे तो आपल्या वसतिगृहात. ते ज्ञातीच्या पैशाने चालते, आणि त्याच्या घटनेत ‘ज्ञातीतील होतकरू विद्यार्थी’ असे शब्द आहेत.

ते शब्द लिहिणाऱ्यांस आम्ही संकुचित म्हणणार नाही. त्या दिवसांत आपल्या मुलांस शहरात कोणी खोली देत नसे. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसून जेवत होती, हेही आपल्याच महाराष्ट्रात घडले. आज आपल्या वसतिगृहात नऊ मुले आहेत आणि खाटा चाळीस. स्वयंपाकीण बाई नऊ मुलांसाठी चूल पेटवितात.

एवढ्याने शाळा वाचेलच असे वचन आम्ही देत नाही. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदी आम्ही पाहून आलो आहोत. आज न जन्मलेले मूल तेरा वर्षांनी आठवीत दिसणार नाही, हे सांगण्यास ज्योतिषी नको. कदाचित पुढे शेजारच्या शाळेशी एक होण्याचीही वेळ येईल, आणि आमच्या मते तेव्हा आपल्या शाळेच्या नावाचा हट्ट धरू नये. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे वसतिगृहाच्या घटनेतील ते तीन शब्द वगळण्याचा ठराव येत आहे. आम्ही त्यास अनुमोदन देणार आहोत. कातकरी कुटुंबे दिवाळी होताच घरे बंद करून निघतात; ठराव उद्याच मंजूर झाला, तर त्यांची मुले याच वर्षी मागे राहू शकतील. खाटांना गाद्या मात्र नव्या घ्याव्या लागतील, जुन्या कसरीने खाल्ल्या आहेत.