पिझारोची सनद



अमेरिका खंडात उतरलेल्या स्पॅनिश साहसवीरांच्या प्रेरणांचा विषय निघाला, की सुवर्ण, धर्म आणि कीर्ती ही त्रयी उच्चारून मोकळे होण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. त्यात असत्य काही नाही. परंतु ही माणसे कोणत्या बोलीवर गलबतात चढली, हे जाणून घ्यायचे असेल तर करारमदाराचे कागद चाळल्यावाचून गत्यंतर नाही.

२६ जुलै १५२९ रोजी टोलेडो येथे फ्रान्सिस्को पिझारोला जी राजसनद मिळाली, तिच्या अन्वये त्याला पेरूची तहहयात सुभेदारी व सालीना ७,२५,००० माराव्हेदींची नेमणूक बहाल झाली. मात्र ही रक्कम वसूल करावयाची होती ती अद्याप न जिंकलेल्या त्या मुलखातूनच! याहून अर्थपूर्ण कलम पुढेच आहे. गाल्यो बेटावर उपासमार सोसूनही ज्यांनी पिझारोची साथ सोडली नाही, त्या १३ जणांपैकी जे जन्माने कुलीन नव्हते त्यांना या सनदेने कुलीन ठरविले. त्रुहियो गावी अनौरस जन्मलेल्या, अक्षरशत्रू पिझारोला या कलमाचे मोल कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे इंका सम्राट आताहुआल्पा याला कैद करणारे पिझारोचे सुमारे १६८ लोक पगारी फौजेतले नव्हते. आपल्याकडील शिलेदाराप्रमाणे बहुतेकांनी घोडा, हत्यार वा नुसता जीव भांडवल म्हणून घातला होता, आणि त्यांत शिंपी होते, लेखनिक होते, दवंडी पिटणाराही होता. सम्राटाच्या सुटकेसाठी खंडणीत आलेली सुवर्णपात्रे कित्येक महिने मुशीत वितळत राहिली (आणि वितळविणारे कारागीर तेथलेच, हे दैवदुर्विलसित!), तेव्हा राजाचा पाचवा हिस्सा काढून ठेवल्यावर घोडेस्वाराला पायदळातील शिपायाच्या सुमारे दुप्पट वाटा मिळाला.

मग सम्राटासमोर क्रूस व धर्मग्रंथ घेऊन उभा राहिलेला पाद्री वाल्वेर्दे केवळ सोंग होता काय? मला तसे वाटत नाही. १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत मूरांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या समाजात धर्मयुद्ध, जमीन आणि मानमरातब या तीन गोष्टी एकाच मोहिमेत पदरी पडत आल्या होत्या. त्यांतील खरी कोणती व आनुषंगिक कोणती, हा प्रश्न त्या शिपायाला बहुधा पडलाच नसता.

वाटपाचा वाद मात्र जिवावर बेतला. पिझारोचा भागीदार आल्माग्रो याच्या उशिरा पोहोचलेल्या लोकांना खंडणीतून नाममात्र रक्कम मिळाली. तेथे पडलेली तेढ पुढे इंका राजधानी कुझ्कोच्या मालकीवरून चिघळली, १५३८ मध्ये आल्माग्रोला देहदंड झाला आणि १५४१ मध्ये त्याच्या पक्षकारांनी पिझारोला लिमा येथे ठार केले. स्पेनमध्ये दीर्घ कारावास भोगून सुटलेल्या पिझारोच्या भावाने, हर्नांदोने, उरल्या संपत्तीतून काय केले? त्रुहियोच्या ऐन चौकात टोलेजंग वाडा उठविला आणि त्याच्या कोपऱ्यावर घराण्याचे भले मोठे कुलचिन्ह कोरविले.