पदवी बालशिक्षणाची, मोबदला मानधनाचा

(एका महिला महाविद्यालयात बालशिक्षणाच्या पदवीवर्गातील विद्यार्थिनी व परिसरातील अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



बालशिक्षणावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, आणि तेही मिसरूड फुटलेल्यांना. परंतु मघाशी व्हरांड्यात एका सेविकाबाईंनी मला जो प्रश्न विचारला, तो निखळ अर्थशास्त्राचा होता. त्या म्हणाल्या, "सर, सतरा वर्षे अंगणवाडी चालवते आहे. आता ही पदवी घेतली, तर मानधनात किती फरक पडेल?" लिहून आणलेले टिपण मी त्यामुळे बाजूला ठेवले आहे.

ॲडम स्मिथने 1776 साली मजुरीतील फरकांची कारणे सांगितली. त्यांतले एक असे की, जो व्यवसाय शिकायला अवघड आणि खर्चाचा, त्याचा मोबदला अधिक असला पाहिजे. एरवी तो शिकण्याच्या भरीस कोण पडेल? माध्यमिक शाळेतला शिक्षक बी.एड. होतो तेव्हा त्याच्यापुढे वेतनश्रेणीची शिडी उभी असते. सेविकेपुढे मानधनाचा एकच आकडा आहे. केंद्राने 2018 साली आपल्या हिश्शाचे मानधन 3000 रुपयांवरून 4500 रुपये केले, राज्य सरकार त्यात आपली भर घालते. पण बालशिक्षणाच्या पदवीला या हिशेबात स्वतंत्र घर नाही. मुख्यसेविका होण्याचा मार्ग आहे खरा, तथापि त्या जागा किती आणि उमेदवार किती, हे आपण जाणताच.

'मानधन' या शब्दापाशी जरा थांबू. आज या भाषणाबद्दल मला जे पाकीट मिळेल, ते मानधन. माझी चूल त्यावर पेटत नाही, ती निवृत्तिवेतनावर पेटते. म्हणजे ज्याची उपजीविका अन्यत्र चालते त्याला सन्मानापोटी द्यावयाची ही रक्कम. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा सेविकेला हा शब्द लावण्यात आला. त्यामागचे गृहीत उघड होते. बाईची उपजीविका नवऱ्याच्या मिळकतीवर चालते, आणि मुले सांभाळणे हा तर तिचा स्वभावधर्मच! विधवा, परित्यक्ता, भूमिहीनाची बायको यांचा विचार त्या गृहीतात कोठेच नव्हता. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचे पद हे शासकीय पद नव्हे असा निर्णय दिला. पुढे 25 एप्रिल 2022 रोजी त्याच न्यायालयाने त्यांना 1972 च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे मान्य केले. ग्रॅच्युइटी वेतनावर मोजतात. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने जे वेतन ठरले, त्याला मानधन का म्हणत राहावयाचे?

हे काम ज्ञानाचे नाही असे म्हणणाऱ्यांनी कोसबाडचा इतिहास वाचावा. ताराबाई मोडकांनी 1926 साली गिजुभाई बधेकांसमवेत नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, 1945 साली बोर्डीत ग्राम-बालशिक्षणाचे काम आरंभले आणि नंतर ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले, खडे आले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर भरली. ही बालमानसशास्त्राची परीक्षाच होती, फक्त उत्तरपत्रिका कागदाची नव्हती.

हल्ली सरकारी अहवालांत जेम्स हेकमन यांचा हवाला आवर्जून दिला जातो. 2000 सालचे नोबेल मिळालेले हे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की, वंचित मुलांच्या बालशिक्षणावर खर्चिलेल्या पैशाचा वार्षिक परतावा सात ते दहा टक्के असतो. हा हिशेब अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1962 ते 1967 या काळात चाललेल्या एका बालशाळेवर आधारलेला आहे. पण आपले अहवाल पुढचे वाचीत नाहीत. त्या शाळेतल्या शिक्षिका पदवीधर व प्रमाणित होत्या, एकेकीकडे पाच-सहा मुले होती आणि पगार तिथल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकांहून अधिक होता. आपल्याकडची सेविका बहुतेक ठिकाणी एका मदतनीस बाईच्या साथीने वीस-तीस मुले सांभाळते, शिवाय आहार, वजने, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी करते. परतावा मिशिगनचा हवा, खर्च मात्र आपल्या पद्धतीचा, असा हा व्यवहार आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. परंतु रात्री स्वयंपाक आटोपून अभ्यास करावयाचा, तो सेविकेने. आणि त्याचे श्रेय मिळणार योजनेच्या प्रगतिपुस्तकात. समोर बसलेल्या तरुण विद्यार्थिनींनाही हे लागू आहे. तुमच्यापैकी कित्येकजणी शहरातील खासगी शिशुवर्गात लागाल. तिथे फी भरमसाट घेतात, पण शिक्षिकेच्या हाती काय पडते हे पालकांना माहीत नसते. खाली सरकारच मानधनावर राबवून घेत असेल, तर वरच्या संस्थाचालकांना कोण विचारणार?

म्हणून संघटनेने तीन गोष्टी मागाव्यात. सेविकेच्या अनुभवाची वर्षे पदवी अभ्यासक्रमात श्रेयांक म्हणून धरली जावीत, कारण सतरा वर्षांच्या कामाहून मोठे प्रात्यक्षिक कोणते? परीक्षेसाठी भरपगारी रजा मिळावी आणि फी शासनाने भरावी. आणि बालशिक्षणाची पदवी असलेल्या सेविकेला प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी लागू व्हावी. पैसा कोठून आणावयाचा, असे विचारतील. उद्योगांना दर अर्थसंकल्पात ज्या सवलती दिल्या जातात, त्यांच्याविषयी हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला मी ऐकला नाही.

त्या सेविकाबाईंना मी खरे तेच सांगितले, की आजच्या नियमांत बहुधा काहीच फरक पडणार नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अर्ज तर मी भरलाच आहे. फीचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात भरावयाचा आहे.